होडीचा दिवा आणि दुपारचे ऊन

साष्टीच्या किनाऱ्यावरील एका वाचक भगिनीचे पत्र आमच्यापुढे आहे. त्यांचा थोरला मुलगा जहाजावरील नोकरीचा करार पुरा करून घरी आला असून वडिलांच्या २८ फुटी होडीवर सौर पॅनेल बसवावे, असा त्याने ध्यास घेतला आहे. गावात येऊन गेलेल्या एका विक्रेत्याने त्याच्यापुढे ४०० वॅटची पॅनेले, तशीच मोठी बॅटरी आणि वर 'पुढेमागे इंजिनही उन्हावर चालेल' असे आश्वासन, एवढे सारे एकदम मांडले आहे. घरधन्यांना ही गोष्ट मानवत नाही. मुलाने पतसंस्थेच्या कर्जाचा अर्ज भरून ठेवला आहे, आणि आता सहीसाठी तो कागद माऊलीच्या पुढ्यात आला आहे. घ्यावे तर कसले आणि किती, एवढेच त्या विचारतात. तीन माणसांच्या घरात दोन पक्ष पडले असता तिसऱ्या माणसाने सही करण्यापूर्वी विचारणा करावी, यात त्यांचे शहाणपण आहे; म्हणून या सदरात आम्ही आज हाच विषय घेतला आहे.

वेळही अनुकूल आहे. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस मासेमारीस बंदी असते. होड्या वर ओढलेल्या असतात, जाळी सांधावयास काढलेली असतात. २९ जूनला संत पेत्र व संत पौल यांचा सण होतो आणि बार्देशात होड्या एकमेकींस बांधून सांगोड सजविला जातो. होडीची डागडुजी बहुधा याच दिवसांत होते, तेव्हा तिच्या दिव्याबत्तीचा विचारही याच दिवसांत झालेला बरा.

प्रथम हे पाहिले पाहिजे की होडीला वीज लागतेच कशाला. आमच्या वडीलधाऱ्यांच्या काळी गॅसबत्ती होडीत टांगलेली असे आणि तिच्या उजेडात जाळे ओढले जाई. आज होडीवर पांढरा दिवा, लाल-हिरवे दिवे, मासे शोधणारे यंत्र, वायरलेस, पाणी उपसण्याचा पंप आणि चार माणसांचे चार मोबाइल इतका परिवार असतो. मोठ्या ट्रॉलरचे इंजिन आपली बॅटरी आपणच भरते, त्यामुळे त्यास ही विवंचना नसते. परंतु दोरी ओढून सुरू होणाऱ्या लहान आऊटबोर्ड इंजिनांपैकी पुष्कळांना वीज निर्माण करण्याची सोयच नसते. मग बॅटरी स्कूटरवर घालून घरी न्यावयाची, रात्रभर लावून ठेवावयाची, पुन्हा आणावयाची. एखाद्या दिवशी गावातली वीज गेली, की अर्धवट भरलेली बॅटरीच घेऊन माणसे समुद्रावर जातात. पहाटे तीनच्या सुमारास पांढरा दिवा मंद होतो, आणि मुरगावच्या दिशेने जाणाऱ्या जहाजाला किंवा परतणाऱ्या ट्रॉलरला ती होडी दिसेनाशी होते. समुद्रावरील टकरी टाळण्याचे जे आंतरराष्ट्रीय नियम १९७२ साली ठरले, त्यांत १२ मीटरहून लहान यांत्रिक नौकेचा पांढरा दिवा दोन सागरी मैलांवरून दिसावा असे म्हटले आहे. दोन मैल हे अंतर लहान वाटते खरे. परंतु मोठ्या जहाजाला वाट बदलावयास वेळ लागतो, आणि त्या वेळाचा हिशेब करूनच तो आकडा ठरलेला आहे.

वायरलेसची गोष्ट तर आम्ही २०१७ च्या ओखी वादळापासून विसरू शकलेलो नाही. त्या वर्षी नोव्हेंबरच्या अखेरीस ते वादळ उठले, तेव्हा केरळ व कन्याकुमारीच्या किनाऱ्यावरील शेकडो माणसे खोल समुद्रात होती. मोबाइलची हाक तेथवर पोचत नव्हती. पुष्कळजण परतलेच नाहीत, आणि त्यांतील अनेक घरे आपल्यासारखीच कॅथलिक खारव्यांची होती. ज्या नौका वाचल्या त्यांतील कित्येक वाहत वाहत सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याला लागल्या, आणि तेथील लोकांनी त्यांना आसरा दिला. तेव्हा होडीवरील बॅटरी हा हौसेचा प्रश्न नव्हे, हे त्या घरधन्यांनी मान्य करावे. मुलाचा ध्यास योग्य आहे. विक्रेत्याचा आकडा योग्य आहे काय, एवढेच आपण तपासू.

इंजिन उन्हावर चालविण्याची गोष्ट आधी बाजूला करू, कारण तिच्याच मोहाने कर्जाचा आकडा फुगला आहे. १० अश्वशक्तीचे आऊटबोर्ड इंजिन म्हणजे सुमारे साडेसात किलोवॅट. भर दुपारी, स्वच्छ उन्हात, एक चौरस मीटर चांगले पॅनेल सुमारे २०० वॅट देते. म्हणजे ते इंजिन पूर्ण जोराने चालविण्यास ३७ चौरस मीटर पॅनेल हवे, आणि तेही केवळ दुपारी. २८ फुटी होडी नाळेपासून पिछाडीपर्यंत झाकून काढली, माणसे व जाळी घरी ठेवली, तरी बारा-तेरा चौरस मीटरहून अधिक जागा निघत नाही. उन्हावर चालणाऱ्या नौका जगात नाहीत असे मुळीच नाही. केरळात वैक्कम ते तवणक्कडवु या मार्गावर जानेवारी २०१७ पासून 'आदित्य' नावाची फेरीबोट धावू लागली. ती ७५ उतारू नेते आणि तिच्या छपरावर २० किलोवॅटची पॅनेले आहेत. परंतु ती बोट रुंद व संथ आहे, तिचा मार्ग तीन किलोमीटरच्या आतबाहेर आहे, आणि धक्क्यावर तिला विजेची जोडही मिळते. 'प्लॅनेटसोलर' नावाच्या नौकेने तर केवळ उन्हावर पृथ्वीप्रदक्षिणा केली. ती २७ सप्टेंबर २०१० रोजी मोनाकोहून निघाली आणि ४ मे २०१२ रोजी परतली. तिच्या पाठीवर ५३७ चौरस मीटर पॅनेले होती. असली उदाहरणे विक्रेत्यांच्या मोबाइलमध्ये चित्रांसह असतात. चित्र पाहून कौतुक करावे, आणि आपल्या होडीची लांबीरुंदी आठवून पुढच्या प्रश्नाकडे वळावे.

बुरूज बांधू इच्छिणाऱ्याने आधी बसून खर्चाचा हिशेब करावा, असा दृष्टान्त प्रभूने दिला. तो संत लूकच्या शुभवर्तमानात आहे. पॅनेल घेणाऱ्यानेही आधी बसावे आणि होडीवर एका रात्री किती वीज जाते ते कागदावर मांडावे. वस्तूवर जे वॅट लिहिलेले असतात त्यांना ती किती तास चालते त्या तासांनी गुणले, की वॅट-तास मिळतात. सातवीतील मुलगी हे गणित करील. पत्रातील होडी संध्याकाळी निघते आणि पहाटे परतते, असे धरून आम्ही असा अंदाज केला आहे. चहूबाजूंनी दिसणारा पांढरा एल.ई.डी. दिवा ३ वॅटचा, ११ तास, म्हणजे ३३. चालत्या वेळी लागणारे लाल-हिरवे दिवे मिळून ६ वॅट, ४ तास, म्हणजे २४. मासे शोधणारे यंत्र १२ वॅटचे, ८ तास, म्हणजे ९६. वायरलेस नुसता ऐकत ठेवला तर ५ वॅट, १२ तास, म्हणजे ६०. बोलताना तो एकदम पुष्कळ वीज ओढतो, त्यासाठी आणखी १५. जाळे ओढतानाचा मोठा दिवा २० वॅटचा, ३ तास, म्हणजे ६०. पंप ४० वॅटचा, एकंदर अर्धा तास, म्हणजे २०. मोबाइल प्रत्येकी १५ धरून ६०. सर्वांची बेरीज ३६८ वॅट-तास होते. प्रत्येक होडीची बेरीज निराळी येईल. आमची उचलून घेऊ नये. परंतु मासे शोधणाऱ्या यंत्राचा वाटा सर्वांत मोठा आहे आणि ज्या दिव्यावर चार जीव अवलंबून आहेत त्या पांढऱ्या दिव्याचा इतका थोडा, ही गोष्ट ध्यानी घेण्याजोगी आहे. बॅटरी उतरू लागली, की आधी काय बंद करावे हे यावरून कळते.

आता पॅनेलचा आकडा. १९५४ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत सिलिकॉनचा पहिला कामाचा सौर घट तयार झाला, तेव्हा तो उन्हाच्या शंभर भागांपैकी सुमारे सहा भाग विजेत उतरवीत असे. आजची चांगली पॅनेले वीस ते बावीस भाग उतरवितात. पॅनेलवर १०० वॅट असे छापलेले असते, ते कारखान्याच्या कसोटीचे आहे: चौरस मीटरमागे १,००० वॅट प्रकाश आणि घटाचे तापमान २५ अंश. आपल्याकडे भर उन्हात पॅनेल हाताला चटका देते. त्याच्या घटांचे तापमान ६५ अंशांपर्यंत सहज चढते, आणि दर अंशामागे सुमारे ०.३५ ते ०.४ टक्का वीज घटते. म्हणजे केवळ तापण्याने सातवा हिस्सा गेला. ऊन वाढले की वीज वाढते असे आपण समजतो. प्रकाशाने वाढते आणि उष्णतेने घटते, असा तो दुहेरी प्रकार आहे. म्हणून पॅनेल कोठेही बसविले तरी त्याच्याखाली चार बोटे वारा खेळू द्यावा. गोव्याच्या स्वच्छ ऋतूत दिवसाचे सारे ऊन एकत्र केले तर पाच तासांचे भरगच्च ऊन धरावयास हरकत नाही. १०० वॅटला ५०० वॅट-तास हा कागदावरचा आकडा झाला. तापणे, खारवणे, आडवे बसविणे, तारा व बॅटरी यांतील गळती वजा जाता हाती सव्वातीनशे पडतात. आपली गरज ३६८ ची. तेव्हा ११३ वॅट पुरेत. ढगाळ दिवसांसाठी हात सैल सोडून १५० वॅट घ्यावेत. विक्रेत्याचे ४०० कोठून आले, ते आम्हांस उलगडलेले नाही.

परंतु वॅटपेक्षाही मोठा एक प्रश्न आहे, आणि तो कोणी विचारीत नाही. दुपारी बारा वाजता ती होडी कोठे असते?

पत्रातील होडी रात्री समुद्रावर असते. सूर्य वर आला, की मासळी उतरवून तिला वाळूवर ओढतात, आणि तेथे ती माडांच्या सावलीत किंवा झावळ्यांच्या खोपीत पडून राहते. तसे करणे योग्यच आहे, कारण उन्हाने लाकूड तडकते आणि फायबर फिके पडते. सावलीत ठेवलेल्या होडीवर मात्र ४०० काय, ८०० वॅटचे पॅनेलही उपाशीच राहणार. माडाच्या सावलीला आपण विरळ समजतो. माणसाला ती विरळ असते, पॅनेलला नव्हे. याचे कारण पॅनेलच्या घडणीत आहे. बारा व्होल्टच्या बॅटरीसाठी बनविलेल्या पॅनेलमध्ये बहुधा ३६ घट एकापुढे एक जोडलेले असतात, जपमाळेतील मण्यांप्रमाणे. वीज एका घटातून दुसऱ्यात जाते. एकावर सावली पडली, की साऱ्या माळेचा प्रवाह तेथे अडतो. हा अडथळा टाळण्यासाठी पॅनेलच्या पाठीमागील डबीत डायोड नावाचे लहान भाग असतात. ते सावलीतला अर्धा भाग वगळून वीज पुढे नेतात. परंतु अर्धे पॅनेल वगळले, की उरलेल्या अर्ध्याचा दाब अठरा व्होल्टवरून नऊवर येतो, आणि बारा व्होल्टच्या बॅटरीत नऊ व्होल्टची वीज शिरत नाही. एका झावळीची सावली दोन घटांवर पडली आणि दिवसभराची कमाई शून्य झाली, हे अशा रीतीने घडते. डोलकाठी, दोरखंड, निशाणाची काठी, वाळत घातलेले जाळे, कावळ्याची घाण, या सर्वांचा तोच परिणाम.

म्हणून आमचे मत असे आहे, की ज्यांची होडी रात्री जाते आणि दिवसा सावलीत विसावते त्यांनी पॅनेल होडीवर बसवूच नये. ते घराच्या किंवा खोपीजवळच्या एखाद्या उघड्या छपरावर, दक्षिणेकडे किंचित उतार देऊन पक्के बसवावे. तेथे सावली नाही, खाऱ्या लाटा नाहीत, जाळे फेकताना कोपऱ्यात अडकण्याचे भय नाही, आणि रात्री किनाऱ्यावरून चोरीस जाण्याची भीतीही थोडी. होडीवर जावी ती फक्त बॅटरी. लेड-ॲसिडची मोठी बॅटरी तीस-पस्तीस किलोची असल्याने हे पूर्वी अवघड होते. आता लिथियम आयर्न फॉस्फेटची तेवढ्याच कामाची बॅटरी दहा किलोच्या आसपास मिळते. मासळीची पाटी उचलणाऱ्या घराला दहा किलोचे ओझे ते काय! पॅनेल छपरावर ठेवण्याचा आणखी एक लाभ आहे. घरांच्या छपरांसाठी बनणारी दोन मीटर लांबीची पॅनेले वॅटमागे सर्वांत स्वस्त पडतात. होडीवर ती वाऱ्याला शिडासारखी अडवितात आणि वीस-पंचवीस किलो वजन उंचावर चढवितात, पण छपरावर ती आपल्या जागी असतात. मात्र त्यांचा दाब तीस-चाळीस व्होल्ट असतो, तेव्हा त्यांना एम.पी.पी.टी. जातीचा नियंत्रकच लावावा. स्वस्त पी.डब्ल्यू.एम. नियंत्रक तो जादा दाब वाया घालवितो.

जी नौका दोन-तीन दिवस समुद्रावरच राहते, किंवा जी होडी नदीच्या पात्रात दिवसा उघड्यावर नांगरलेली असते, तिच्यासाठी पॅनेल नौकेवरच हवे. तेथे काचेचे, ॲल्युमिनियमच्या चौकटीचे, मोनोक्रिस्टलाइन जातीचे पॅनेल आम्ही पसंत करू. एका मोठ्याऐवजी ७५ वॅटची दोन घ्यावीत, एक डाव्या अंगाला, एक उजव्या. आणि ती समांतर जोडावीत, म्हणजे एकावर सावली आली तरी दुसरे काम करीत राहील. वाकणारी, कागदासारखी पातळ पॅनेलेही मिळतात. ती दोन किलोची असतात आणि ताडपत्रीच्या छतावर शिवताही येतात, म्हणून तरुणांना फार आवडतात. परंतु ती पृष्ठभागाला चिकटवून टाकली म्हणजे खालून वारा लागत नाही, तापून त्यांचे थर सुटतात, वाकविण्याने घटांना बारीक भेगा पडतात आणि त्या जागी जळल्याचे डाग उठतात. काचेचे पॅनेल वीस वर्षांहून अधिक टिकते, यांच्याकडून तेवढी अपेक्षा धरू नये. ज्या होडीला चौकट उभारण्यास जागाच नाही, तिनेच त्यांचा विचार करावा. जागा निवडताना पिछाडीच्या इंजिनावरील लहान मांडवाचा माथा सर्वांत बरा. नाळेकडे लाटा आपटतात, आणि मध्यभागी जाळे असते.

बॅटरीविषयी फार लिहावयास नको, पण दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत. दहा कुमारिकांच्या दृष्टान्तात दिवे दहाहीजणींकडे होते. तेलाची कुपी पाचजणींनीच घेतली होती. पॅनेल हा दिवा झाला, तेल बॅटरीत असते. ऊन एक दिवस लागले नाही तरी दुसरी रात्र निभावली पाहिजे, म्हणून दोन रात्रींची बेगमी धरावी, म्हणजे सुमारे ७४० वॅट-तास. लेड-ॲसिड बॅटरी अर्ध्याहून अधिक उतरविली की लवकर मरते, म्हणून ती १२० अँपिअर-तासांची लागेल. लिथियमची सत्तर-पंचाहत्तर पुरे. मोटारगाडीची बॅटरी स्वस्त म्हणून घेऊ नये; ती क्षणभर जोर देऊन इंजिन सुरू करण्यासाठी असते, रात्रभर मंद जळण्यासाठी नव्हे. घरच्या इन्व्हर्टरची पाणी घालावयाची उंच बॅटरी डुलणाऱ्या होडीत ॲसिड सांडते. आणि लेड-ॲसिडसाठी लावलेला नियंत्रक तसाच ठेवून त्यावर लिथियमची बॅटरी जोडू नये. नियंत्रकावर बॅटरीची जात निवडण्याची सोय आहे किंवा नाही, हे विकत घेतानाच पाहावे.

तारेत काटकसर करू नये. १५० वॅटचे पॅनेल आठ-साडेआठ अँपिअर देते. पाच मीटर अंतर असेल आणि तार दीड चौरस मिलिमीटरची असेल, तर जाऊन-येऊन एक व्होल्ट वाटेतच गळतो. चार चौरस मिलिमीटरची तार घेतली, की ही गळती तिसऱ्या हिश्शावर येते. होडीवर तांब्याला कथिलाचा मुलामा दिलेली तार वापरावी, कारण उघडे तांबे खाऱ्या हवेत हिरवे पडते आणि तारेच्या आतून कुजत जाते. बाहेरून काही दिसत नाही. बॅटरीच्या अगदी जवळ १५ अँपिअरचा फ्यूज हवाच. बारा व्होल्टचा झटका माणसाला लागत नाही म्हणून लोक बेफिकीर राहतात, पण बॅटरीच्या दोन टोकांमध्ये पाना पडला तर तो लाल होतो, आणि होडीत पेट्रोलचा डबा असतो.

ॲल्युमिनियमच्या चौकटीला स्टेनलेस स्टीलचा बोल्ट थेट लावला, की खाऱ्या पाण्यात ॲल्युमिनियम झिजू लागते. मध्ये नायलॉनची चकती घालावी. पॅनेलने खाऱ्या फवाऱ्याची कसोटी दिलेली आहे काय, हे विचारावे. तिचा क्रमांक आय.ई.सी. ६१७०१ असा आहे आणि तो कागदावर छापलेला असतो. हमीच्या कागदात समुद्रावरील वापर वगळलेला आहे काय, तेही सहीपूर्वी वाचून घ्यावे. पंचवीस वर्षांची हमी म्हणून जे मोठ्या अक्षरांत छापलेले असते त्याच्या खाली बारीक अक्षरे असतात. आठवड्यातून एकदा गोड्या पाण्याने, सकाळी पॅनेल थंड असताना, मऊ फडक्याने ते धुवावे. राख किंवा काथ्या लावून घासू नये. काच ओरखडली, की ती पुन्हा पूर्ववत होत नाही.

एक गोष्ट सांगितल्याखेरीज राहवत नाही. ४०० वॅट आणि मोठी बॅटरी यांचा आग्रह ज्या होड्यांना केला जातो, त्यांतील काहींच्या मनात पाण्यावर प्रखर दिवे सोडून मासे गोळा करण्याचा बेत असतो. अशा एल.ई.डी. मासेमारीला केंद्र सरकारने २०१७ साली बंदी केली आहे, आणि गोव्यातील रांपणकार तिच्याविरुद्ध वर्षानुवर्षे ओरडत आले आहेत. दिव्याला भुलून अंडी न घातलेले लहान मासेही येतात. आमच्या भगिनीच्या मुलाच्या मनात असे काही असेल असे आम्ही मानीत नाही. जाळे ओढताना लागणारा २० वॅटचा दिवा आम्ही हिशेबात धरला आहे. त्याहून मोठ्या दिव्याची भाषा कोणी केली, तर ती कशासाठी, हे आईने विचारावे.

तर पत्राचे उत्तर असे. कर्जाचा अर्ज परत घ्यावा आणि आकडा नव्याने मांडावा. छपरावर १५० ते २०० वॅटचे एक काचेचे पॅनेल, एक नियंत्रक, पंचाहत्तर अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी, मुठीसह झाकणाची घट्ट पेटी, आणि उलटी जोडली जाणार नाही अशी जोडखीळ, एवढे पुरे. शक्य झाल्यास दुसरी तशीच बॅटरी पुढच्या हंगामाच्या कमाईतून घ्यावी, म्हणजे एक होडीवर आणि एक उन्हावर अशी अदलाबदल करता येईल. छपरावरील पॅनेल जून-जुलैच्या बंदीतही बेकार राहणार नाही. पावसात वीज गेली, की घरातला दिवा त्यावर लागेल, आणि ढगांतूनही ते थोडीफार कमाई करीतच असते. होडीवर कायमचे काही हवेच असे मुलाचे म्हणणे असेल, तर इंजिनाच्या मांडवावर ४० वॅटचे लहान पॅनेल बसवावे. परतावयास उशीर झाला आणि सूर्य वर आला, तर पांढरा दिवा व वायरलेस यांच्यापुरते ते भरून काढील, आणि मुलाच्या हातालाही काम मिळेल.

पत्राच्या शेवटी एक लहान प्रश्न होता: पॅनेलची चौकट बसविण्यासाठी होडीच्या कडेला भोके पाडावी लागतील काय? पाडू नयेत. फायबरच्या कडेत पाडलेल्या भोकातून पाणी आतल्या थरात शिरते आणि दोन-तीन पावसाळ्यांत ती कड मऊ पडते. मांडवाच्या नळीला बाहेरून कवळणारे पट्टे मिळतात; ते चार लावावेत, खाली रबराची पट्टी घालावी, आणि ऑगस्टात पहिल्या फेरीवरून आल्यावर पुन्हा एकदा आवळावेत.